आजोबांचे मृत्युपत्र कुठे सापडेल?



को ८६०३२ या उसाचे आई-बाप कोण, असे आपल्या कुठल्याही गटात विचारा. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून ही जात आली, हे चार जण तरी लगेच सांगतील. पीक मेळाव्यात आम्ही ते इतक्या वेळा सांगितले आहे की शाळकरी पोरांनाही ते पाठ झाले आहे. पण त्याच मेळाव्यात "तुमच्या पणजीचे नाव काय हो?" असे विचारले तर मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. बेण्याची वंशावळ आपण जपतो, घरची मात्र विसरतो.

शेतकी खात्याच्या माणसाने लागण, खोडवा आणि खताच्या मात्रा सोडून मृत्युपत्रावर का लिहावे, असे कुणी म्हणेल. कारण असे की, दरसाल ऊस नोंदीच्या वेळी ही गाठ आमच्याच टेबलावर येऊन पडते. सातबारा बघावा तर ज्यांचे नाव मालक म्हणून लागलेले आहे त्यांना वारून वीस-पंचवीस वर्षे झालेली. शेअर आजोबांच्या नावे, जमीन चुलत्याच्या नावे, ऊस पुतण्याचा. मग बिल कुणाच्या खात्यावर टाकायचे? दोन भाऊ भांडतात आणि ऊस फडात वाळतो.

काही हंगामांपूर्वी आपल्या एका गटात असेच झाले. दोन चुलत भाऊ, दोघेही सभासद. विहिरीजवळची पट्टी कुणाची यावरून जुंपली. थोरल्या शाखेचे म्हणणे असे की, आजोबांनी ती पट्टी तोंडी आमच्या वडिलांना दिली. धाकटी शाखा म्हणे, पट्टी निम्मी-निम्मी. दोघांनीही त्याच उसाची नोंद आपल्या नावे मागितली. तोडणी कार्यक्रमात त्या क्षेत्राची पाळी आली तरी तोड देता येईना. दोघांच्याही तोंडी एक वाक्य मात्र सारखे होते. "आजोबांनी काहीतरी लिहून ठेवलं होतं म्हणतात." कुठे, कधी, कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नव्हते. तो कागद शोधायचा म्हणून आम्ही त्यांच्याबरोबर हिंडलो. त्यात जे शिकलो ते आपणा सर्वांच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडतो.

सुरुवात घरातून

कचेरीत जाण्याआधी घरची पेटी उघडा. जुनी ट्रंक, देवघराचा कोनाडा, माळ्यावरचे दप्तर, सगळे बघा. शेतसाऱ्याच्या पावत्या, सोसायटीची कर्जखत, जुना शेअर दाखला, लग्नपत्रिका, काहीही टाकू नका. मूळ मृत्युपत्र सापडले नाही तरी एखाद्या पावतीवर दस्ताचा क्रमांक आणि साल सापडते, आणि तेवढे पुरेसे असते. घरात वडीलधारी बाई असतील तर आधी त्यांच्याजवळ बसा. जमिनीचे गट नंबर पुरुषांना माहीत असतात. कोण कुणाची, कुठे दिली आणि कधी गेली, हे बायकांना माहीत असते.

दुसरी गोष्ट मृत्यूची तारीख. साल नक्की नसेल तर पुढचा सगळा शोध अंधारातला. जुन्या काळी गावातील जन्म-मृत्यू कोतवाल सांगे आणि त्याची नोंद होई. तो गाव नमुना १४. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. २०२३ सालापासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी हीच पुस्तके तहसील कचेऱ्यांतून मोठ्या प्रमाणात बाहेर काढली गेली, त्यामुळे पुष्कळांना त्यांचे नाव आता ऐकून ठाऊक झाले आहे. दाखल्यासाठी एक नाव शोधायला गेलेली माणसे सबंध घराणे सापडून परत आली.

फेरफार हा धागा

मृत्यूचे साल कळले की त्यापुढच्या चार-पाच वर्षांचे फेरफार बघा. आपल्या भागात हक्कनोंदणीची पद्धत १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. त्यामुळे तेव्हापासूनचे फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, मिळण्याचा संभव असतो. तलाठ्यांकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, जुने दप्तर नसेल तर ते तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असते. पुष्कळ ठिकाणचे जुने सातबारे आणि फेरफार आता संगणकावरही चढले आहेत. तालुक्याला जाण्याआधी घरातल्या पोराला तिथे एकदा बघायला सांगावे.

फेरफार वाचताना दोन गोष्टी बघाव्यात. "मयताचे वारस पुढीलप्रमाणे" असे लिहिले असेल तर ती साधी वारसनोंद. "मृत्युपत्रान्वये" असे लिहिले असेल तर मृत्युपत्र होते, आणि ते नोंदवलेले असेल तर पुष्कळदा त्याचा क्रमांक आणि तारीखही तिथेच मिळते. आमच्या या दोन भावांच्या बाबतीत १९५३ सालच्या फेरफारात एका ओळीत "रजिस्टर मृत्युपत्रान्वये" हे शब्द निघाले. सत्तर वर्षे गावाला तोंडी कहाणी पुरली, आणि ही ओळ तालुक्याला पडून होती.

जुन्या कागदांतील काही खुणा माहीत असलेल्या बऱ्या. "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव एकाचे, पण जमीन सगळ्या भावांची. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. म्हणजे मूल सज्ञान नव्हते, त्याच्या वतीने आई किंवा चुलता होता. तारीख शके सालात असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर साधारण ५९० मिळवा, म्हणजे इंग्रजी साल येते. बहिणींची, मुलींची आणि विधवा भावजयांची नावे कब्जेदारात दिसली नाहीत तर "इतर हक्क" या रकान्यात बघा. पुष्कळ बायका तिथेच बसवलेल्या आढळतात.

रजिस्टर कचेरीतील तिसरे पुस्तक

आता मुख्य ठिकाण. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, म्हणजे आपण ज्याला रजिस्टर कचेरी म्हणतो तिथे, १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे निरनिराळी पुस्तके असतात. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र वगैरे स्थावराचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये नोंदतात आणि त्यांची सूची क्रमांक २ सगळ्यांना माहीत असते. मृत्युपत्र मात्र त्यात शोधून सापडायचे नाही. ते पुस्तक क्रमांक ३ मध्ये असते आणि त्याची सूची क्रमांक ३ वेगळी असते. सूची दोन बघून "काही नाही" म्हणत परत आलेले सभासद आम्ही किती तरी पाहिले. तिसरे पुस्तक मागा.

कायद्याने या पुस्तकाला एक पडदा ठेवला आहे, आणि तो योग्यच आहे. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो वारल्यानंतर मात्र अर्ज करील त्या कुणालाही मिळते. म्हणून अर्जासोबत मृत्यूचा दाखला किंवा पुरावा जोडावा, साल अंदाजे का होईना लिहावे, आणि फी भरून पावती घ्यावी.

काही शहाणी माणसे मृत्युपत्र नोंदवत नसत, तर बंद लिफाफ्यात मोहोर करून जिल्हा निबंधकाकडे ठेव म्हणून देत. तीही सोय याच कायद्यात आहे. अशा लिफाफ्यांचे पुस्तक क्रमांक ५. माणूस वारल्यावर अर्ज केला की अर्जदाराच्या समक्ष लिफाफा उघडतात आणि मजकूर पुस्तक ३ मध्ये उतरवतात. तालुक्याला काही निघाले नाही तर जिल्ह्याला एकदा विचारावे.

तरीही सापडले नाही तर निराश होऊ नये. मृत्युपत्र नोंदवलेच पाहिजे असे कायदा कधीच म्हणत नव्हता, आजही म्हणत नाही. शिवाय आपल्या मुलखात १ जानेवारी १९२७ पूर्वी हिंदू माणसाने तोंडी केलेले मृत्युपत्रही चालत असे. लेखी, सही-अंगठ्याचे आणि दोन साक्षीदारांचे बंधन त्या तारखेपासून आले. आणखी एक कारण आहे. एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, ही मुभा हिंदू उत्तराधिकार कायद्याने १९५६ साली दिली. त्याआधी शेतकऱ्याला फक्त स्वकष्टार्जित मिळकतीचेच मृत्युपत्र करता येई. म्हणून पणजोबांचे मृत्युपत्र नसणे हेच पुष्कळ घरांत स्वाभाविक आहे. तिथे वारसनोंद आणि वाटणीपत्र यांवरच भिस्त ठेवावी.

कोर्टातील कागद

प्रोबेट हा शब्द आपल्याकडे फारसा परिचयाचा नाही. मृत्युपत्र खरे आहे अशी कोर्टाने मोहोर उठवणे म्हणजे प्रोबेट. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने मुंबई शहरातील मिळकतीसाठी किंवा तिथे केलेल्या मृत्युपत्रासाठी ते घ्यावे लागत असे. आपल्या भागातले कितीतरी लोक गिरणीत गेले. कुणी तिथे खोली केली, कुणी गाळा घेतला. असा कुणी चुलत आजोबा असेल तर त्याचा कागद गावात नव्हे, मुंबई उच्च न्यायालयाच्या दप्तरात असण्याचा संभव धरावा. मुफसलात प्रोबेट सक्तीचे नव्हते, पण घेता येत असे, आणि ते जिल्हा न्यायालयातून मिळे. त्याखेरीज १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ प्रमाणे दिलेले वारस दाखले आणि येणी-रोख्यांसाठीचे उत्तराधिकार दाखले हेही कोर्टाच्या दप्तरात असतात.

अशा एका कागदातून केवढा इतिहास हाती येतो, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले आहे. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ साली ऑगस्टमध्ये पटकीने वारले. मरणाच्या दिवशीच त्यांनी मृत्युपत्र केले आणि लोकमान्य टिळक, दादासाहेब खापर्डे वगैरे मंडळींना व्यवस्थापक नेमले. पुण्याच्या जिल्हा न्यायालयातून त्याचे प्रोबेट घेण्यात आले. पुढे त्यांच्या पत्नी ताईमहाराज यांच्या पोटी झालेला मुलगा दोन महिन्यांतच गेला. १९०१ साली औरंगाबादेस जगन्नाथ यास दत्तक घेतले गेले, आणि त्यावरून तंटा पेटला. प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज झाला. टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, १९०३ साली शिक्षाही झाली, आणि १९०४ साली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. दत्तकाचा निकाल प्रिव्ही कौन्सिलमधून यायला १९१५ साल उजाडले. मृत्युपत्रापासून निकालापर्यंत अठरा वर्षे लागली. त्या घराण्यात कोण कधी जन्मले, कोण कधी वारले, कोण कुठून दत्तक आले, हे सगळे आज कळते ते या कोर्टाच्या कागदांमुळे. आपली घराणी सरदारांची नाहीत. पण कुठल्याशा दिवाणी दाव्याच्या निकालपत्रात आपल्याही पणजोबांची वंशावळ लिहिलेली असू शकते. हुकूमनामा सापडला तर तो पान न पान वाचावा.

मोडी वाचणारा माणूस

१९५० च्या आधीचा कागद बहुधा मोडीत असतो. घाबरू नये. मोडी वाचणारे जाणकार जिल्ह्याच्या ठिकाणी अजून मिळतात, आणि शिकवण्याचे वर्गही निघतात. अक्षरांतर करून घेताना मूळ कागदाचा स्वच्छ फोटो काढून तोच द्यावा, मूळ कागद हातचा सोडू नये. शंका असेल तिथे नाव दोघांकडून वाचून घ्यावे, कारण मोडीत एका वळणाने माणूस बदलतो.

कागद संपले की माणसे आहेत. दक्षिण भागात बैल घेऊन येणारे हेळवी घराण्याच्या पिढ्या सांगतात. आपले वाडवडील नाशिक-त्र्यंबकेश्वराला गेले असतील तर तेथील उपाध्यायांच्या वह्यांत त्यांची नावे असतात. ही नावे कोर्टात कितपत चालतील हा प्रश्न वेगळा. शोधाला दिशा मिळायला ती चांगली.

त्या दोन भावांचे काय झाले

फेरफारातील सालावरून रजिस्टर कचेरीत अर्ज केला. दोन हेलपाटे झाले, तिसऱ्या खेपेला नक्कल मिळाली. मृत्युपत्र १९४९ चे, मोडीतले. मिळकत आजोबांनी स्वतः घेतलेली. जाणकारांनी वाचून दाखवले तेव्हा दोघेही भाऊ समोर बसलेले. विहिरीजवळची पट्टी दोन्ही मुलांना निम्मी-निम्मी, असे स्पष्ट लिहिले होते. थोरल्या शाखेचा चेहरा उतरला. धाकटा काही बोलणार इतक्यात वाचणाऱ्यांनी पुढची ओळ वाचली. विधवा बहिणीच्या अन्नवस्त्रासाठी वीस गुंठे, ती हयात असेतोवर. तिच्यामागे ते तिच्या मुलीला. मुलीचे नावही लिहिले होते.

दोघे गप्पच झाले. घरात लहानपणापासून सांगितले गेले होते की त्या आत्याआजीला मूलबाळ नव्हते. सातबाऱ्यावर ना तिचे नाव, ना तिच्या मुलीचे. ते वीस गुंठे पुढे कालव्यात गेले आणि मोबदला दोन्ही शाखांनी वाटून घेतला, असे चौकशीत निघाले. घरी येऊन थोरल्या काकूंना विचारले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "होती की. दिवाळीला यायची. नंतर कुणी बोलावलं नाही, मग यायची बंद झाली."

ऊस नोंदीचा प्रश्न त्या आठवड्यातच मिटला. निम्मी-निम्मी नोंद झाली, तोड मिळाली, ऊस गाळपाला आला. दुसरा प्रश्न मात्र सुटायला वेळ लागला. त्या मुलीचा शोध घेता घेता शेजारच्या तालुक्यात तिचा नातू भेटला. तोही ऊस लावणारा, हातावर घट्टे असलेला माणूस. त्या कालव्याच्या पैशात त्याचा कायद्याने काही हक्क उरतो का, हे आम्ही सांगू शकत नव्हतो. ते वकिलाला विचारा, असे आम्ही दोन्हीकडे सांगितले, आणि त्यांची बोलणी अजून चालू आहेत. पण पहिल्या भेटीत त्याने पैशाचे नावही काढले नाही. त्याने फक्त त्या कागदाची झेरॉक्स मागितली. म्हणाला, "आमच्या आजीचं नाव लिहिलेला दुसरा कुठलाच कागद आमच्याकडं नाही."

सभासद हो, आम्हाला या सगळ्यातून उमगले ते एवढेच. आपण वंशावळ काढतो ती बापाकडून मुलाकडे अशी सरळ सरीसारखी काढतो. लेकी, बहिणी, विधवा आत्या त्या सरीतून गळतात. जुन्या मृत्युपत्रात मात्र त्या सापडतात, कारण मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला आपल्यामागे कोण उपाशी राहील याची काळजी असते. तो कागद फक्त हिस्सा काढण्यासाठी वाचू नका. घरची माणसे मोजण्यासाठी वाचा.

आता आपल्यापुरते

आपल्या नातवांना असे हेलपाटे पडू नयेत म्हणून चार कामे या हंगामाआधी करून टाकावीत.

पहिले, कारखान्याच्या शेअर खात्यात आपले नॉमिनेशन आहे का, ते पाहावे. नॉमिनी वारला असेल तर बदलून घ्यावे. एक लक्षात ठेवा, शेअर नॉमिनीच्या नावे झाला म्हणून नॉमिनी एकटा धनी होत नाही. इतर वारसांचे हक्क राहतातच.

दुसरे, घरात कुणी वारले असेल तर वारसनोंदीची वर्दी वेळेत द्यावी. जमीन महसूल संहितेत त्यासाठी तीन महिने सांगितले आहेत. वर्दीत लेकींची नावे गाळू नयेत. १९९४ च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने आणि मग २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाप्रमाणे हक्क मिळाला आहे. नाव गाळल्याने हक्क बुडत नाही, फक्त भांडण पुढच्या पिढीवर जाते.

तिसरे, मृत्युपत्र करायचे असेल तर साध्या कागदावर चालते, स्टँप लागत नाही. आपली सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार हवेत. ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीदार होऊ नये हे बरे. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करावी, म्हणजे मागच्यांना ते तिसऱ्या पुस्तकात सापडेल.

चौथे काम बिनपैशाचे. एका वहीत घरातल्या सगळ्यांची नावे लिहा. आजीचे माहेर, आत्या कुठे दिल्या, कोण कधी वारले, सारे लिहा. ऊस नोंदीला येताना ती वही बरोबर आणलीत तरी चालेल. सातबाऱ्यावरचे नाव आणि वहीतले नाव जुळवून बघायला आमचे गट ऑफिसचे कर्मचारी मदत करतील.

कळावे. लागणीच्या शुभेच्छा.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते